अण्णांचं साहित्य

आमच्या जबलपुरातल्या मराठी मंडळात एकदा घोटाळा झाला. वार्षिक समारंभाला पाहुणा म्हणून गावातलाच साहित्यिक हवा होता. नव्या चिटणिसांना कुणीतरी सांगितलं, "राइट टाउनमधल्या अण्णांकडे जा. त्यांच्याइतकं साहित्य अख्ख्या शहरात कुणाकडे नाही." चिटणीस बिचारे नारळ घेऊनच गेले. अण्णांनी त्यांना दोन तास बसवून घेतलं आणि सगळं साहित्य दाखवलं. घडीचा तिपाई स्टँड, घडीचं स्टूल, घडीचा पाण्याचा डबा, आणि घडी न होणारी एक भलीमोठी छत्री. चिटणीस परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक राखाडी गोळा होता. "खोडरबर आहे म्हणे. मळायचं असतं," एवढंच ते सांगू शकले. त्या वर्षी पाहुणे नागपूरहून मागवले.

अण्णा उघड्यावर चित्र काढणारे चित्रकार आहेत. म्हणजे उघड्यावर आहेत, चित्रकारही आहेत. या दोहोंच्या मध्ये जे चित्र यायला हवं ते आठ वर्षं येतं आहे. नोकरी जीसीएफमध्ये झाली. १९०४ साली सुरू झालेला हा तोफगाड्यांचा कारखाना जबलपुरातल्या कित्येक मराठी घरांचा अन्नदाता. तिथे अण्णा ड्राफ्ट्समन होते. जन्मभर बोल्ट, बिजागऱ्या आणि धुरे काढले, तेही साहेबाची सही होईल अशा बेताने. निवृत्तीच्या दिवशी घरी आले आणि काकूंना म्हणाले, "आता स्वतःसाठी काढणार. निसर्गात बसून." काकूंना वाटलं होतं, बद्रीकेदार म्हणतील.

निसर्गाची आम्हाला वाण नाही. चित्रकारांचीही नाही. संविधानाच्या उद्देशिकेचं पान ज्यांनी सजवलं ते ब्योहार राममनोहर सिन्हा इथलेच. अमृतलाल वेगडही इथलेच. दोघेही शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. वेगड तर पन्नाशीला टेकलेले असताना, १९७७ साली, नर्मदेच्या काठाने पायी निघाले. वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले, रेखाटत राहिले, लिहीत राहिले. मी एकदा अण्णांना जरा खोचकपणे म्हटलं, "वेगडांना एवढ्या सामानाची गरज पडली नाही." अण्णा शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. ते चालत होते. चालणाऱ्याला स्टँड लागत नाही. मी बसणारा आहे." यावर काय बोलणार!

अण्णांचं ज्ञान मात्र खरं आहे, ते कबूल केलं पाहिजे. जलरंगाचा जाड सुती कागद तीनशे ग्रॅमचाच का घ्यायचा (चौरस मीटरचं वजन ते, त्याहून हलका कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो), हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या फ्रेंच कागदाच्या नावाचं स्पेलिंग आर्चेस असं दिसतं, पण म्हणायचं आर्श. चुकून आर्चेस म्हणालात तर चहा मिळत नाही. तो कागद कोरा आहे. दर पावसाळ्यानंतर अण्णा त्याला ऊन दाखवतात, आमची आजी शालूला दाखवायची तसं, आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवतात. एकदा मी विचारलं, भेडाघाटचे पांढरे संगमरवरी कडे काढायला पांढरा रंग कोणता आणलात? अण्णांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "जलरंगात पांढरा लावायचा नसतो. कागद सोडायचा असतो." त्या हिशेबाने अण्णांनी संगमरवर आठ वर्षांपूर्वीच पूर्ण केलेला आहे.

ब्रशांची कथा तर थोर. एक आहे कोलिन्स्की, सैबेरियातल्या मुंगसासारख्या कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. असले ब्रश विन्सर अँड न्यूटनने १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी करून दिले होते. राणीने तो पाण्यात बुडवला असेल. अण्णांनी अजून बुडवलेला नाही. दुसरा त्यांच्या तरुणपणीचा, खऱ्या मुंगसाच्या केसांचा. आता हा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो ब्रश लोखंडी कपाटात, मोज्यात गुंडाळलेला असतो. ज्या माणसाचं आयुष्य तोफांच्या गाड्यांत गेलं तो पोलिसांना भितो ते या वीतभर ब्रशापायी.

रंग काढले की अण्णांना इतिहास आठवतो. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी धातूची ट्यूब पेटंट केली आणि चित्रकार स्टुडिओतून सुटले. "ट्यूब आली म्हणून मोने शेतात गेला!" अण्णा हात उंचावून सांगतात. काकू आतून विचारतात, "तो गेला. तुम्ही कधी जाताय?"

काकूंना मी दोष देत नाही. अण्णांच्या ड्रॉइंग बोर्डावर आठ उन्हाळे साबुदाण्याचे पापड वाळले आहेत. तिपाईवर लोणच्याच्या बरणीचं फडकं वाळतं. ती मोठी छत्री गणपतीत मांडवाची गळती धरते. घरात या साहित्याइतकं कामाला आलेलं दुसरं सामान नाही, चित्राचं काम सोडून.

गेल्या पौषात मात्र अण्णांनी मनावर घेतलं. स्कूटर माझी होती, म्हणून मला बोलावलं. पहाटे साडेपाचला गेलो तर ओसरीवर सामान यादीवर टिचक्या मारत मोजलं जात होतं. रंगांच्या दोन पेट्या: एक कॅम्लिनची, "रफसाठी", आणि एक फ्रेंच. कॅम्लिनबद्दल त्यांच्या मनात घरचा माणूस असावा तशी माया आहे. १९३१ साली दांडेकरांनी शाई करून सुरू केलेला धंदा, उंटाचं चित्र, शाळेतली ती चपटी पेटी, हे सगळं सांगताना डोळे ओलावतात. पण घरच्या माणसाला जसं समारंभात मागच्या खुर्चीवर बसवतात तशी ती पेटी पिशवीत तळाशी जाते. पाणीही घरून घेतलं, पाच लिटर. मी म्हटलं, अण्णा, आपण नर्मदेवर चाललोय. तर म्हणाले, "मैयाच्या पाण्यात ब्रश धुवायचा? तिला रंगीत पाणी पाजायचं?" मुद्दा बिनतोड होता. आमच्या नळाला येतं तेही नर्मदेचंच, हे मी बोललो नाही. मला जिलबी खायची होती.

खव्याची जिलबी खाऊन वीसेक किलोमीटर गेलो. अण्णा मागे, मांडीवर स्टूल, पाठीवर बोर्ड, हातात ती छत्री भाल्यासारखी. रस्त्यात लोक वाट देत होते.

भेडाघाटच्या पंचवटी घाटावर मांडामांड सुरू झाली आणि गर्दी जमली. आमच्याकडे एक सोय आहे: जबलपुरी हिंदीतही बोलायची सुरुवात 'काय'ने होते, त्यामुळे मराठी माणसाला क्षणभर घरच्यासारखं वाटतं. "काय बड्डे, का बेच रहे?" एका नावाड्याने विचारलं. अण्णा म्हणाले, चित्र काढणार आहे. नावाड्याने बोर्ड पाहिला, कडे पाहिले. "फोटू खींच लो. हम दो मिनट में खींच दें." हे भेडाघाटचे नावाडी बंदरकूदनीपर्यंत होडी नेताना कड्याकड्याला यमकात विनोद करतात, त्यांच्यापुढे गंभीर राहणं कठीण. एक शेळी येऊन आर्शच्या पुडक्याचा वास घेऊन गेली. अण्णांनी सामान आवरायला घेतलं. "इथे एकाग्रता नाही," म्हणाले.

मग धुआंधार. तिथे एकाग्रता होती, पण धबधब्याचं नाव उगाच पडलेलं नाही. पाणी आदळून धुरासारखं वर येतं आणि वारा फिरला की तुमच्यावर. छत्री उघडली तर अण्णाच उडायला निघाले. शिवाय छत्री निळी. रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग उतरतो, सगळा हिशेब बिघडतो. हे अण्णांना अर्थातच ठाऊक होतं. "पांढरी मागवली आहे," ते म्हणाले.

तिथून लांब, खडकाच्या एका सपाटशा पाठीवर आलो. प्रकाश सुंदर होता. कडे कुठे दुधी, कुठे निळसर, एखादी गुलाबी शीर. तिपाई उभी राहिली, बोर्ड चढला, कागदही, आठ वर्षांत पहिल्यांदा, चढला. मी श्वास रोखून बसलो. अण्णांनी फ्रेंच पेटी उघडली आणि तशीच खाड्कन मिटली.

"काय झालं?"

"यात मध असतो."

मला कळेना. तर या कंपनीच्या जलरंगांत डिंकाबरोबर मध घालतात, रंग ओलसर राहावा म्हणून. आणि समोरच्या कड्यांवर आग्या मोहोळांची पोळी लोंबकळत होती. ब्रिटिश काळात रेल्वेच्या पाहणीसाठी आलेल्या इंजिनिअरांवर इथल्या माश्या तुटून पडल्या होत्या. एकाने पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला. ही गोष्ट अण्णांनी मला कुजबुजत्या आवाजात सांगितली, माश्यांना आठवण नको म्हणून. रंगातल्या चमचाभर मधाने माश्या येतात का, ते मला ठाऊक नाही. पण त्या क्षणी मीही पेटीपासून दोन हात सरकलो हे खरं.

"मग कॅम्लिन काढा ना."

"काढू. पण हे बघ, हलतंय."

खडक उतरता होता, तिपाईचा एक पाय अधांतरी. अण्णांनी पाय लांब केला, आखूड केला, स्क्रू पिळला. मग खिशातून कारखान्याची जुनी डायरी आणि पेन्सिल काढली. "मुळात बिजागरीच चुकीची आहे. कशी असायला हवी, थांब, दाखवतो."

आणि अण्णा काढायला लागले. हात थरथरत नव्हता, मान वर होत नव्हती. समोरून बिजागरी, वरून बिजागरी, कापून दाखवलेली बिजागरी, बाजूला मिलिमीटर. उतार किती आहे ते कळावं म्हणून खालचा खडक काढला, भेगांसकट. स्टँड किती उंच ते कळावं म्हणून शेजारी माणूस हवा, तर खाली होडीत वल्ह्यावर रेललेला तो मघाचा नावाडी चार रेघांत उतरवला. अगदी तोच, फोटू खींच लो म्हणतानाचा. क्षितिजाची रेघ लागते म्हणून मागे कडे आले. कड्यांच्या जागी त्यांनी काहीच काढलं नव्हतं, नुसता कागद सोडला होता, आणि ते पांढरेशुभ्र दिसत होते. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

"अण्णा," मी म्हटलं, "हे..."

"कळलं ना? पितळेची करायची. कारखान्याच्या फाटकापाशी एक लेथवाला आहे, तो करून देईल." त्यांनी पान टरकन फाडलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तिपाईच्या अधांतरी पायाखाली सारलं. बोर्डाला हलकासा धक्का देऊन पाहिला.

"बघ. आता जरासुद्धा हलत नाही."

मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, सावल्या गेल्या होत्या. "प्रकाश गेला रे," म्हणाले. आर्श पुन्हा मलमलीत गेला, कोलिन्स्की नळीत गेला, पाच लिटर पाणी जसंच्या तसं स्कूटरकडे निघालं. तिपाई उचलली तसं ते पान उलगडलं आणि वाऱ्याबरोबर उतारावरून खाली निघालं. मी मागे धावलो.

"अरे, जाऊ दे!" अण्णा ओरडले. "मापं पाठ आहेत मला!"