डाळ शिजली नाही, चौकशी चालू आहे

आमच्या घरात स्वयंपाक न येणारी माणसं चार: सासरे, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि मी. पहिल्या तिघांना येत नाही, ही बातमी होत नाही. माझी मात्र केंब्रिज चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत ख्याती आहे. हळदी-कुंकवाला गेलं की कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं, "त्यांची थोरली सून ना, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, पण..." आणि या 'पण'नंतर आवाज एकदम खाली येतो, घरात कुणाला दुर्धर आजार असल्यासारखा.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा इकडचा तिकडे झाला की माल परत जातो. जे कागदावर लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही, असं आम्ही मानतो. दिवसभर हे मानून आलेल्या बाईला संध्याकाळी घरी कामाच्या सूचना मिळतात त्या अशा: तेल अंदाजाने. मीठ चवीपुरतं. पाणी बेताचं. पीठ मावेल तेवढं. आणि खमंग होईपर्यंत भाज.

मी लग्नानंतर लगेच विचारलं होतं, "आई, खमंग झालं हे कसं कळतं?"

"वास येतो की."

"आणि करपल्यावर?"

"तवाही येतो. पण तो वेगळा."

आमच्या कंपनीत असं कामाचं पुस्तक सापडलं असतं तर ऑडिटरने गेटवरूनच गाडी वळवली असती. सासूबाई मात्र गेली चाळीसेक वर्षं याच पुस्तकावर कारखाना चालवतात आणि त्यांचा माल कधी परत गेलेला नाही, हे मला मान्य करावं लागतं.

आता डब्यांचं बघा. मराठी स्वयंपाकघरातल्या डब्यावर जे छापलेलं असतं ते सोडून दुसरं काहीही आत असतं. आमच्याकडे श्रीखंडाच्या डब्यात मोहरी आहे, आइस्क्रीमच्या डब्यात मेथीदाणे, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, आणि मिठाईच्या सुंदर पेटीत बेकिंग सोडा. हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात नोंदलेलं. त्याची दुसरी प्रत नाही.

तर एका सकाळी, स्कूलबस यायच्या आधीच्या त्या घाईत, मी धाकटीसाठी नाचणीच्या सत्त्वाची खीर करायला घेतली. तपकिरी पीठ दुधात कालवलं, गूळ घातला, ढवळलं. खिरीला दाटपणा छान आला. ते पीठ नाचणीचं नव्हतं. ते येसर होतं. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ असतं. पाण्यात कालवून उकळलं, वरून फोडणी दिली की झणझणीत आमटी होते. लग्नाकार्यात येसराला मान आहे. दुधात त्याला तो मान नाही.

धाकटीने एक चमचा खाल्ला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. सासऱ्यांनी मात्र उरलेली वाटी ओढून घेतली आणि पेपरातून मान न काढता म्हणाले, "आमटी बरी जमलीय आज. गूळ जरा जास्त पडला."

मी रीतसर सुधारणा सुचवली. रविवारी बसून सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. वस्तूचं नाव, भरल्याची तारीख. सासूबाई चष्मा लावून वाचत गेल्या आणि मोहरीपाशी थांबल्या. "माय, मोहरीवर मोहरी लिहायचं? दिसत नाही का ती?" वाफेने चिठ्ठ्या आठवडाभरात गळून पडल्या. डबे पुन्हा त्यांच्या ताब्यात गेले.

कुकरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मला शास्त्राचा आधार आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. उघड्या पातेल्यात पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बंद कुकरमध्ये दाब वाढतो आणि तापमान १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ. ती किती वेळाने होणार हे आच किती, पाणी किती, रिंग किती जुनी यावर ठरतं. मोठ्या आचेवर भराभर तीन शिट्ट्या झाल्या म्हणून डाळ शिजली असं मुळीच नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजायला हवीत. तरीही आख्खा महाराष्ट्र शिट्ट्या मोजतो. 'तुमच्याकडे तुरीला किती?' असं एकमेकींना विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर त्या घरच्या वळणाबद्दल मत बनवतो.

शिट्ट्या मोजायच्या तर त्या ऐकू यायला हव्यात. आम्ही राहतो विमानतळाजवळ. दुसरी शिट्टी होते न होते तोच डोक्यावरून विमान उतरतं. तिसरी झाली का? नवरा हॉलमधून म्हणतो, "झाली असेल." 'असेल' या शब्दावर आमच्या कंपनीत माणसाची बदली होते. मी खात्री म्हणून आणखी दोन होऊ देते. मग खाली डाळ लागते आणि वर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. सेफ्टी व्हॉल्व्हचं काम तेच आहे आणि त्याने ते चोख केलं, हे मी छतावरची हळद पुसताना सगळ्यांना समजावून सांगत होते. कुणी ऐकलं नाही.

खरा खटला मात्र अर्धकच्च्या डाळीचा. आठवडे गेले, वरणात डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. सासूबाईंचं निदान तयार होतं, "हिच्या हाताला गुण नाही." आमच्या विभागात कुठल्याही दोषावर पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. मी विचारत गेले. डाळ शिजत नाही. का? शिट्ट्या पुरेशा होत्या. डाळ जुनी? नवी फोडली तरी तेच. मग कुकरच्या आत हात फिरवला तर पांढरा खरखरीत थर.

आता हे शहर पाणी पितं पैठणच्या जायकवाडीचं, पन्नासेक किलोमीटरवरून आणलेलं. ते नळाला रोज येत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. काळ्या पाषाणात खोलवर मुरलेल्या बोअरच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. हे क्षार डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला धरून बसतात, त्यामुळे दाणा फुटत नाही, मऊ पडत नाही. वर मी वेळ वाचवायला टोमॅटो आणि चिंच सुरुवातीलाच कुकरमध्ये टाकत होते. आंबटाने दाणा आणखी आडमुठा होतो. म्हणजे दोषी दोन: बोअर आणि चिंच. हात निर्दोष.

हा निकाल मी जेवणाच्या ताटावर जाहीर केला. सासूबाईंनी शांतपणे ऐकला. "मग आम्ही काय बाटलीतल्या पाण्यात शिजवत होतो?" म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच बोअरच्या पाण्यात लोण्यासारखं मऊ वरण केलं. डाळ तासभर आधी भिजवली, हिंग-हळद आणि तेलाचे दोन थेंब, चिंच सगळ्यात शेवटी. हे त्यांनी मला आधी का नाही सांगितलं? मी विचारलं. "तू विचारलं नाहीस. तू शिट्ट्या विचारल्या."

भाकरीबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण पोळ्यांच्या नकाशांचे विनोद लोकांनी इतके करून ठेवलेत की माझ्या भाकरीला आता नवा देश उरलेला नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा देणारं ग्लुटेन नसतं. भाकरी बांधली जाते ती गरम पाण्याने फुगलेल्या स्टार्चवर, आणि पीठ दळून बरेच दिवस झाले की तेही साथ सोडतं. त्याला म्हणतात पिठाची विरी जाणं. इथे एक निरीक्षण नोंदवते. सासूबाईंची भाकरी चिरली की पिठाची विरी गेलेली असते. त्याच पिठाची माझी भाकरी चिरली की मला जमत नसतं.

बाईच्या हातालाच चव असते हा नियम कुणी काढला, हे मी शोधायला गेले. पुराणापासून सुरुवात केली. आपल्याकडे उत्तम स्वयंपाकाला नलपाक म्हणतात. नल हा राजा, पुरुष. दमयंतीने वेष बदललेल्या नवऱ्याला ओळखलं ते त्याच्या हातच्या चवीवरून. तिच्या हातच्या चवीवरून तिला कुणी ओळखल्याचं ऐकलेलं नाही. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून राबला भीम. द्रौपदीच्या नावाने आपण अजून ज्या थाळीचे गोडवे गातो, ती दिलेली सूर्याने; बाईला त्यात काही शिजवायची गरजच नव्हती. माझी आवडती नायिका आहे ती. मग या शहराचा नान-खलिया. दौलताबादला आलेल्या तुघलकाच्या फौजेसाठी तो मोठाल्या देगांतून शिजला असं सांगतात. आजही त्या देगांपाशी पुरुषच उभे दिसतात. लग्नातले आचारी पुरुष. भंडाऱ्याच्या कढया पुरुषांच्या. आणि मराठीतलं पहिलं छापील पाककृतींचं पुस्तक मानलं जातं ते 'सूपशास्त्र', साल १८७५, लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते.

म्हणजे हजार माणसांचं जेवण करायचं असेल, पैसे मिळणार असतील किंवा नाव होणार असेल, तर ही कला पुरुषाची. चार माणसांचं, रोज, फुकट करायचं असेल तर मात्र ती बाईच्या रक्तात असते.

कमलाबाई ओगल्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. १९७० साली त्यांनी 'रुचिरा'त वाटी आणि चमच्याची मापं दिली, तेव्हा एका अर्थी मराठी स्वयंपाकघरात क्वालिटी विभाग सुरू झाला. अडचण एवढीच की आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत आणि सासूबाई त्या सगळ्यांना 'वाटी'च म्हणतात.

आता सरकारी आकडे. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये. पहिल्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. तेही घरकाम करणाऱ्या पुरुषाची. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले २६ निघाले होते. पुढच्या पाच वर्षांत घरोघरी काय काय आलं! एअर फ्रायर आला, दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारी पोरं आली, तयार इडलीचं पीठ आलं. एवढं सगळं येऊन बाईचा आकडा २९९ वरून २८९ वर उतरला. दहा मिनिटं वाचली. आणि पुरुषांचा ९७ वरून ८८ वर. त्यांचीही नऊ वाचली. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बघ, जवळजवळ समानता आली."

त्याच्यावर अन्याय नको. रविवारी तो मटण करतो. शनिवारी रात्रीच जाहीर करतो, "उद्या तुला सुट्टी." सकाळी कांदे मी चिरून देते, लसूण मी सोलते, खोबरं भाजून वाटण मी लावते, काळा मसाला कुठल्या डब्यात आहे ते सासूबाई सांगतात (बिस्किटांच्या दुसऱ्या डब्यात). तो पळी हलवतो. मग पातेल्याचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर जातो आणि तिथून अंगठे येतात. सासूबाई पदराने त्याचा घाम पुसतात, "दमलास रे." गेल्या रविवारी तो मीठ घालायचं विसरला. सगळे गप्प जेवले. शेवटी सासरे म्हणाले, "अळणी खाणं बीपीला चांगलं."

त्याच आठवड्यात माझ्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. माझ्या वेळी बीपीचा विषय निघाला होता, पण वेगळ्या सुरात.

मध्यंतरी आम्ही पोळ्यांना मावशी लावल्या. मावशी चांगल्या होत्या, पोळ्या झकास. त्या पहाटे उठून स्वतःच्या घरचा डबा करून येत, मग आमच्या पोळ्या, मग आणखी दोन घरं, मग पुन्हा स्वतःच्या घरी संध्याकाळची चूल. माझी वाचलेली मिनिटं कुणाच्या खात्यावर चढली, हे कळायला सांख्यिकी मंत्रालयाची गरज नव्हती. त्यांच्या लेकीला बाळ झालं तशा त्या काम सोडून गेल्या. तिच्या घरच्या पोळ्या आता त्याच लाटत असणार.

तेव्हा वाचकहो, हे सदर कुणी चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडकोच्या बाजूला वाचत असेल तर एक निरोप द्या. आमच्याकडे सकाळी पोळ्या लाटायला माणूस पाहिजे. पगार रीतसर, रविवारी सुट्टी, महिन्यात दोन रजा भरपगारी. मावशीच पाहिजेत अशी अट नाही. काका चालतील, मामा चालतील, भीमाच्या वंशातलं कुणी असेल तर त्याला प्राधान्य. येताना फक्त स्वतःची वाटी घेऊन यावी.