पेटंटवाला

पेटंटवाला हा मुळात कापूसवाला. तीन-चार एकर कोरडवाहू, सामायिक विहीर, बांधावरून चुलत्याशी चाललेली केस आणि मोबाईलमध्ये डिमॅट खातं, एवढी त्याची इस्टेट. सोलापूर-धुळे महामार्गाला केज-अंबाजोगाईचा रस्ता जिथे फुटतो, त्या मांजरसुंब्याच्या चौकात तो हॉटेलबाहेरच्या बाकड्यावर सापडतो. वस्तीवर रेंज नसते. 2016 ते 2019 हा त्याच्या बहराचा काळ.

शेअर त्याने घेतला तो बियाण्याच्या पिशवीवरचं ‘बोलगार्ड’ वाचून. अख्खा जिल्हा हेच पेरतो, तर मोन्सँटो बुडेल कशी, हा त्याचा अभ्यास. पुढे त्याच बीटी बियाण्याच्या रॉयल्टीवरून मोन्सँटो आणि हैदराबादची नुझिवीडू सीड्स यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि पेटंटवाल्याला आयुष्याचं काम मिळालं.

कायद्याचं त्याला वावडं नसतं. बांधाच्या केसमुळे तारीख, स्टे, अपील हे शब्द घरातलेच. पेटंट म्हणजे बियाण्याचा सातबारा, असं तो चहावाल्याला समजावतो. नोंद कंपनीच्या नावावर, वहिवाट आपली. पेटंट क्रमांक 214436 त्याला तोंडपाठ असतो, स्वतःचा गट नंबर मात्र तलाठ्याला विचारावा लागतो. सकाळी दूध घालून आला की तो कोर्टाचा बोर्ड मोबाईलवर उघडतो आणि आपलं मॅटर कितव्या नंबरवर आहे ते बघतो. ‘आपलं’ हा शब्द त्याचाच.

“काय अप्पा, लागला का निकाल?”

“तारीख पडली. पण वकील लई तगडा दिलाय.”

वकील कोणी दिला, हे विचारायचं नसतं. आणि इथेच या जातीची खरी गंमत आहे. पेटंट होतं अमेरिकेतल्या मोन्सँटो टेक्नॉलॉजीचं. परवाने देणारी ‘महिको मोन्सँटो बायोटेक’ ही जालन्याच्या महिकोबरोबरची भागीदारी, ती बाजारात नव्हती. नुझिवीडूही नव्हती. मुंबईच्या बाजारात मिळायची ती ‘मोन्सँटो इंडिया’; तिचा धंदा मक्याचं बियाणं आणि ‘राउंडअप’ तणनाशक. म्हणजे वाद कापसाचा आणि अप्पांच्या खात्यात मका. हे त्याला कोणी सांगितलंच, तर ‘नाव तर तेच हाय ना’ एवढ्यावर तो विषय मिटवतो.

दुसरी अडचण जास्त खोल होती. कंपनी जिंकली तर पिशवीमागे रॉयल्टी चालू राहणार, आणि पिशव्या घेणार अप्पाच. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीजी-2 ला, म्हणजे बोलगार्ड-2 ला, जुमानलं नाही. वावरात उभं राहून त्याने अंगठ्याच्या नखाने बोंड फोडलं. आत किडलेली सरकी आणि गुलाबी अळी. कंपनीच्या नावाने ठेवणीतल्या शिव्या हासडून झाल्यावर त्याच हाताने, पँटला बोट पुसून, त्याने शेअरचा भाव बघितला.

11 एप्रिल 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्द ठरवलं. पेटंट कायद्याच्या कलम 3 (जे) प्रमाणे वनस्पती, बियाणं यांवर पेटंट मिळत नाही, हा त्यामागचा आधार. पेटंटवाल्याने सकाळी शेतकरी म्हणून पेढे वाटायला काढले आणि दुपारी भागधारक म्हणून जेवण टाळलं. 8 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशाकडे पाठवलं. तेव्हा दोन्ही भूमिका उलट्या क्रमाने झाल्या. बांधाच्या केसला तेवढ्यात आणखी तारखा पडल्या, पण तिकडे कोणाचं लक्ष होतं!

शेवट कोणाच्याच हिशेबात न बसणारा. नोव्हेंबर 2019 मध्ये पेटंटची मुदतच संपली. त्याच वर्षी मोन्सँटो इंडिया बायर क्रॉपसायन्समध्ये विलीन झाली आणि 3 शेअरमागे बायरचे 2 हाती आले. 2021 मध्ये मोन्सँटो आणि नुझिवीडू यांनी आपसात तडजोड केली. सरकारने ठरवलेल्या दरात 2019 साली बीजी-2 ची पिशवी 730 रुपयांची होती, त्यात रॉयल्टी 20 रुपये. 2020 साली रॉयल्टी शून्य झाली आणि पिशवी 730 रुपयांनाच मिळाली.