डिक्शनरीअप्पा

आमच्या पूर्व भागात नळाला पाणी यायचं म्हणजे गल्ली पहाटे साडेतीनलाच जागी. चार-पाच दिवसांचा उपास सोडायला बसावं तशा घागरी, कळश्या, कॅन ओळीनं मांडलेले असतात आणि त्या ओळीवरूनच भांडण पेटतं. सोलापूरकराला भांडायला भाषेची ददात नाही. मराठीत तंटा, कन्नडात जगळ, तेलुगूत कोट्लाट, दखनीत झगडा आणि सगळ्यांना पुरून उरणारा आमचा एकाक्षरी 'बे'. 'काय बे' मैत्रीतलं की मारामारीतलं, हे नुसत्या पट्टीवरून कळतं. एवढी श्रीमंती दारात असताना अप्पा मात्र इंग्रजीतून भांडतात.

असे एक अप्पा गल्लोगल्ली असतात. आमच्या अप्पांची हयात कोर्टाबाहेर टाइपरायटर बडवण्यात गेली. कलम ३२३, ५०४, ५०६. मारहाण, अपमान, दमदाटी. "ह्या तीन आकड्यांवर माझी दोन पोरं शिकली," असं ते कृतज्ञतेनं सांगतात. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि तेच गुन्हे ११५, ३५२, ३५१ झाले. कुणी परस्पर घरावरची पाटी बदलावी तसा अप्पांना धक्का बसला. "आता भांडणात मजा राहिली नाही ओ," म्हणाले आणि दोन दिवस कुणाशी भांडले नाहीत. गल्लीनं काळजीनं चौकशी केली.

आकडे गेले, शब्द राहिले. अप्पांकडे भांडणाऱ्यांची प्रतवारी असते, बाजारात ज्वारीची असते तशी. नुसती हुज्जत घालणारा 'क्वारलसम'. मूठ आवळणारा 'पग्नेशस', कारण लॅटिनात पग्नस म्हणजे मूठ. जो थेट युद्धच पुकारतो तो 'बेलिजरंट'. 'कँटँकरस' म्हणजे तिरसट, कुरकुऱ्या. हा शब्द अप्पांनी अजून कुणाला लावलेला नाही. तो कुणासाठी राखून ठेवलाय ते त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

'ॲग्रेसिव्ह'वर त्यांचा विशेष राग. जावई पुण्यात विक्रीखात्यात आहे आणि त्याचा साहेब त्याला 'अजून ॲग्रेसिव्ह हो' म्हणतो, हे ऐकल्यापासून. "आम्ही हा शब्द आरोपीसाठी टाइप करायचो ओ! आता त्यावर बढती मिळते?" मग मूळ सांगतात. लॅटिनात त्या शब्दाचा अर्थ नुसतं चालत समोर जाणं. पुढं चाललं की प्रोग्रेस, एकत्र चालले की काँग्रेस, अंगावर चालून गेलं की ॲग्रेशन. आपणही 'अंगावर गेला' असंच म्हणतो की! हे मला खरोखर पटलं, पण अप्पांना तसं सांगितलं नाही. सांगितलं तर पहाटेची संध्याकाळ होते.

एकाच शब्दाची ते थट्टा करत नाहीत. मार्शल लॉ. १९३० च्या मे महिन्यात तो सोलापुरावर लादला गेला तेव्हा डोक्यावर गांधी टोपी असणं हासुद्धा गुन्हा होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. 'मार्शल' हा मार्सचा, म्हणजे मंगळाचा शब्द, एवढंच अप्पा सांगतात. चार पुतळ्यांपाशी सायकलवरून उतरून चालतात.

मी एकदा विचारलं, "अप्पा, मराठीत का नाही भांडत?"

"भांडकुदळ म्हटलं की समोरचा कुदळ काढतो. पग्नेशस म्हटलं की तो विचारतो, म्हणजे काय?"

युक्ती बिनतोड, पण तिथंच घोडं पेंड खातं. 'म्हणजे काय' विचारल्यावर अर्थ न सांगता राहणं अप्पांच्या रक्तात नाही. शेजारच्या विड्या वळणाऱ्या अक्कांनी हे केव्हाच हेरलंय. परवा नंबरावरून वाजलं. अप्पा गरजले, "यू आर माय रायव्हल!"

"काय म्हणलालाव ओ अप्पा?" अक्कांनी घागर नळाखाली सरकवली.

अप्पांचा आवाज लगेच उतरला. "रीवस म्हणजे ओढा, अक्का. लॅटिन. एकाच ओढ्याचं पाणी भरणारे दोघं, ते एकमेकांचे रायव्हल." पुढं ओढे, पाट, रोमन शेतकरी, त्यांचे बांध. अक्का मान डोलावत होत्या. एक घागर, दुसरी घागर, कळशी, दोन कॅन.

"म्हणजे शेजारीच की ओ," त्या शेवटी म्हणाल्या.

अप्पा गप्प झाले. हा अर्थ त्यांच्या डिक्शनरीत नसावा. तेवढ्यात नळानं फुस्स केलं आणि पाणी गेलं. अप्पांचे दोन्ही कॅन खडखडीत.

अक्कांनी कळशी उचलली, अप्पांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि पदराला हात पुसले.

"धरा, रायव्हल. कळशी संध्याकाळपर्यंत परत पायजे."