काडीभर सुगंध

हळदीकुंकवाला गेलेली बाई अत्तर आपल्या हाताने लावून घेत नाही. हात उपडा करून पुढे धरायचा. यजमानीण अत्तराची काडी त्यावरून जेमतेम फिरवते आणि पुढच्या हाताकडे वळते. काटकसर म्हणा हवं तर, पण त्या काडीत मोठं शहाणपण होतं. कारण सुगंध लावणाऱ्याइतका त्याचा वाईट परीक्षक दुसरा नाही. अंगावरच्या वासाची नाकाला काही मिनिटांतच सवय होते. सकाळी मारलेला सेंट दहा वाजेपर्यंत त्याच्यापुरता विरून गेलेला असतो. मग तो बाटली पुन्हा काढतो. असे एक गृहस्थ आमच्या इमारतीत आहेत. ते लिफ्टमधून उतरतात, त्यांचा सुगंध मात्र भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूसारखा आत ठाण मांडून राहतो. आणि माणूस इतका ऋजू, की आपल्यासाठी दार धरून ‘या, या’ म्हणतो. नाही कसं म्हणावं?

कनौजचं अत्तर जात्याच संथ. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकणाच्या फटी मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. अल्कोहोलचा फवारा अंगावर पडताक्षणी उडतो, जाताना वास खोलीभर उधळतो. तेल कातडीला धरून राहतं. जवळ येईल त्याच्याशीच बोलतं. कनौजात भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा वास लावून कोणी शेजारी बसलं, तर तक्रार कोण करील? फार तर छत्री शोधील.

उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, हा जुना रिवाजही शेजाऱ्याची काळजी घेणाराच. उकाड्यात वास अधिकच फुलतो. वैशाखात हिना लावून एसटीत बसणाऱ्याने निदान खिडकीची जागा तरी पकडावी.

आमचे एक काका दिवाळीला हिन्याचा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचत. फाया किती भिजवायचा ते काकू ठरवीत. बाटली त्यांच्याच ताब्यात. फाया नेहमी डाव्या कानात. तेवढंच बोलणं कमी ऐकू येतं, असं काका सांगत. घडीतल्या कापसाने काही ऐकू यायचं थांबत नाही, हे काकूंनाही ठाऊक होतं. तरी त्या हटकून त्यांच्या डावीकडेच बसत.