डायरेक्टभाऊ

कन्हानच्या तारसा रोड चौकात सकाळी सकाळी कोणी माणूस खर्रा घोटत दुसऱ्याला भागाकार शिकवताना दिसला, तर ते डायरेक्टभाऊ समजावे. खरं नाव रेशनकार्डावर असेल. कोळसा खदानीतून रिटायर झाल्यापासून त्यांनी एकच मुद्दा लावून धरला आहे: राष्ट्रपती जनतेनं थेट निवडला पाहिजे.

"सांग बे, रामटेकच्या आमदाराचं मत कितीचं?"

"175 चं," पानठेलेवाला मान वर न करता सांगतो.

"अन् ते काढलं कसं?"

इथं खर्ऱ्याची पन्नी बाजूला होते आणि पेपरच्या कोपऱ्यावर गणित उतरतं. महाराष्ट्राची लोकसंख्या, भागिले 288 आमदार, भागिले हजार. लोकसंख्या धरायची मात्र 1971 च्या जनगणनेची. या जागी भाऊंचा आवाज दरवेळी चढतो. "म्हणजे त्या 175 मंदी मी आहो! हाफपँटमंदी! पण माहे दोन्ही पोट्टे नाहीत. नातवं कायची असतीन? यूपीच्या आमदाराचं मत 208 चं, सिक्कीमवाल्याचं 7 चं, अन् माह्या मताचं? भोपळा!" अमेरिकेचा दाखलाही तयार असतो. तिथं 2016 मध्ये हिलरीबाईंना जास्त मतं पडली आणि राष्ट्राध्यक्ष झाले ट्रम्प. हे सांगताना भाऊ असे हळहळतात, की बाईंचं मतदान कन्हानच्या बूथवरच कमी पडलं असावं.

एकदाच त्यांना अडलेलं मी पाहिलं. कामठीचे एक रिटायर्ड मास्तर बसची वाट पाहत उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की घटना समितीत 1948 मध्ये के. टी. शाहांनी नेमकी हीच मागणी केली होती आणि बाबासाहेबांनी ती मानली नाही. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ करणार, राष्ट्रपती नामधारी. त्याच्यासाठी अख्खा देश रांगेत कशाला उभा करायचा? बाबासाहेबांचं नाव निघाल्यावर आमच्याकडे पुढं अपील नसतं. भाऊ बाजूला जाऊन पिंक टाकून आले. "राष्ट्रपतीचं राहू द्या, मास्तर. नगराध्यक्षाचं बोला."

हा मात्र त्यांच्या घरचा विषय. 2001 मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांतून, मग पुन्हा नगरसेवकांतून, 2016 मध्ये थेट, 2020 मध्ये रद्द, 2022 मध्ये परत थेट. मुंबईत सरकार बदललं की मंत्र्यांच्या बंगल्यांचे पडदे आणि हे कलम, दोन्ही बदलायचंच, असा रिवाज दिसतो. नगरसेवकांतून निवड म्हटली की बहुमत फुटू नये म्हणून नगरसेवकांना गाडीत भरून कुठल्यातरी रिसॉर्टवर नेतात. भाऊ म्हणतात, "वाघ दाखवाले नेते पेंचले, अन् पिंजऱ्यात राह्यते हेच!"

एवढ्या थेट माणसाकडे येणारे लोक मात्र थेट कुठंच गेलेले नसतात. जन्माचा दाखला, घरटॅक्सवर नाव चढवणं, नळाचं कनेक्शन, काहीही असो, आधी भाऊ. अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, तो बाबू जेवायला कधी उठतो, कुणाच्या फोननं फाईल हलते, सगळं त्यांना तोंडपाठ. पैसे घेत नाहीत. चहा, खर्रा आणि "भाऊ होते म्हणून झालं" एवढं वाक्य त्यांना पुरतं. ते वाक्य चार लोकांसमोर निघालं तर चहाही लागत नाही.

2 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदेचं मतदान झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची, ती हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं 21 तारखेवर गेली. "मत थेट देल्लं अन् मशीन कुलपात!" म्हणत भाऊ चौकात येरझारा घालत होते. त्याच दिवसांत त्यांनी मला आपलं मतदान उघड करून सांगितलं: नगराध्यक्षाचं मत एका पक्षाला, नगरसेवकांचं दुसऱ्याला.

मी म्हटलं, "भाऊ, सगळ्यांनी असं केलं तर खुर्चीवर एक पक्ष बसेल आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. अध्यक्ष रस्ता मांडेल, सभा नाही म्हणेल. थेट निवडणुकीत नेमकी हीच गोची होते. सगळी कामं अडतील ना!"

भाऊंनी खर्रा गालात सरकवला.

"अडन ना! अडलं तं लोकं कोणाकडं येतीन?"