घोडनदीचा पांडुरंग आणि दोन शिंपी

नेमाड्यांची ‘कोसला’ 1963 साली आली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला तिच्या नायकासारखा एकेक पांडुरंग सांगवीकर लागू झाला. शिरूरची जागा प्रस्तुत लेखकाने परस्पर भरून टाकली. पात्रता सगळी होती: पुण्यात शिक्षण, मेसच्या जेवणाला नावं ठेवणं आणि शेवटी निमूट घोडनदीला, म्हणजे शिरूरलाच, परत येणं. नेमाड्यांनी पंचविशीत कादंबरी लिहिली. लेखकाने पंचविशीत ती कपाटाच्या दर्शनी भागात ठेवली. या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही, याचा त्याला इतका अभिमान की एसटी स्टँडवर कोणी नावानं हाक मारली तरी तो खट्टू व्हायचा.

सासुरवाडी दौंडची. सासरे रेल्वेतून निवृत्त. जावई एवढं वाखाणतो म्हणून त्यांनी ‘कोसला’ वाचून काढली आणि चहाबरोबर निकाल दिला. “जावईबापू, याचे वडील पैसे पाठवतात, हा ते उडवतो आणि वर सगळं व्यर्थ आहे म्हणतो. मग अडचण नेमकी काय?”

लेखकाने अस्तित्ववाद काढला. काम्यूचंही नाव घेऊन झालं. सासरे शांतपणे म्हणाले, “पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की आम्ही इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचो. गाडी उलटी निघाली की नवखी माणसं घाबरायची, परत पुण्याला चाललो की काय म्हणून. काष्टी येईपर्यंत सगळी शेंगा सोलत बसलेली असायची.” आता कॉर्ड लाइनमुळे काही गाड्यांचा तो घोळ वाचतो. शिरूर शहरात तर रेल्वेच नाही, त्यामुळे या मुद्द्याचा प्रतिवाद करण्याइतका अनुभव लेखकाकडे नव्हता.

तरी लहान गावात कोंडलेली, बिनसलेली माणसं हा त्याचा खास प्रांत राहिला. फ्लोबेरची एमा बोव्हारीसुद्धा त्याला शेजारच्या गल्लीतली वाटे. तीही कापडवाल्याच्या उधारीत बुडाली.

कापडावरून आठवलं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960ची, रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ 1971ची. एक वऱ्हाडातली, दुसरी मराठवाड्यातली. पण दोन्हींत धुळीला मिळणारं घर शिंप्याचंच! ‘धग’मधला महादेव हातपाय न हलवणारा, तर ‘पाचोळा’तला गंगाराम वाकायला तयार नसलेला. शिंप्यांनी मराठी कादंबरीकारांचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. सोनार सुटला, वाणी तर सुटलाच.

या शोधानंतर लेखक बाजारपेठेतल्या आपल्या टेलरकडे निराळ्या नजरेनं पाहू लागला. मास्तरांच्या चेहऱ्यावर शोकांतिकेची चिन्हं दिसतात का, हे बघायला तो उगाच दुकानात डोकावे. गरज नसताना त्याने दोन पँटी शिवायला टाकल्या. “मास्तर, मनात काही साचलंय का?” असं एकदा हळव्या सुरात विचारलंही. मास्तरांनी टेप गळ्यात टाकून त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “साचलंय खरं. कंबर दोन इंच वाढवतो.”

पुढे त्यांनी धंद्याची गोष्ट सांगितली, आणि ती कुठल्याही कादंबरीत लेखकाला भेटली नव्हती. रेडिमेड आल्यापासून नवं शिवायला येतं कोण? शाळेचे गणवेश असायचे, तेही तयार मिळतात. उरलं काय, तर रेडिमेड पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. दुकान चालतं ते आतल्या दुसऱ्या मशीनवर. तिथे मास्तरांच्या बायकोचं फॉल-पिको, ब्लाउज आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत अस्तरं. इतकी वर्षं लेखक त्या दुकानात जात होता, पण पडद्यामागे दुसरं मशीन आहे हे त्याला मशीनच्या आवाजावरूनही कळलं नव्हतं.

हे सगळं त्याने घरी मोठ्या कळवळ्यानं सांगितलं. बायकोने दोन्ही कादंबऱ्या त्याच्या आधी वाचलेल्या होत्या. ती म्हणाली, “अहो, तुम्ही महादेवाची काळजी करता, गंगारामाची करता. ‘धग’मध्ये राबते कौतिक. ‘पाचोळा’ तर सबंध पारबती सांगते. त्यांना कुढायला वेळ कुठून मिळणार?” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली आणल्या. पुढे त्यातल्या कितीतरी तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायच्या. दौंडकडे नुसता इंजिनं उलटी करण्याचा धंदा नव्हता.”

लेखक गप्प बसला. कौतिकचं मरमर राबणं वाचताना आपण पानं भराभर उलटत होतो आणि महादेवाच्या निराशेपाशी पेन्सिलीनं खुणा करत होतो, हे त्याच्या प्रतीतच दिसत होतं.

अशा गप्प बसण्यातून माणूस काही शिकतो, असं वाटून वाचकांनी भाबडेपणा करू नये. आठवड्याभरात त्याने स्वतःवरच कादंबरी लिहायचं जाहीर केलं. नायक घोडनदीचा, कोणाला न कळलेला, बुद्धिमान. बायको भाजी निवडत होती. “लिहा की,” ती म्हणाली, “पण ‘पाचोळा’सारखी. सांगणार मी.”

कादंबरी सध्या तहकूब आहे.