ओकायामाला उतरा

शाळेच्या परदेश सहलीचं पत्रक मोबाइलवर आलं की पालकांचा पहिला प्रश्न हॉटेलचा असतो. दुसरा जेवणाचा, तिसरा सामानाच्या वजनाचा. मुलं तिथे भेटणार कोणाला, हे कोणी विचारत नाही. पत्रकातही ते नसतं.

जपानचंच घ्या. सिंगापूर-दुबई करून झालेल्या आपल्याकडच्या काही शाळा आता तिकडे मुलं नेतात. टोकिओ, डिस्नेलँड, फुजी पर्वत, क्योतोची देवळं, ओसाकाचं युनिव्हर्सल आणि वेळ उरला तर हिरोशिमा. मुलं परत आली की घरात तिकडच्या शिस्तीचं कौतुक सुरू होतं. आगगाडीत कोणी फोनवर बोलत नाही, रांग मोडत नाही, रस्त्यावर कपटा नाही. मग घरातलं एखादं मोठं माणूस निकाल देऊन टाकतं, "आपल्याकडे हे होणं नाही. रक्तातच नाही आपल्या."

हे साफ खोटं आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलासमोर ते बोलणं त्याहून वाईट.

जपान्यांच्या तरी रक्तात कुठे होतं? १९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकिओत कचऱ्याविरुद्ध, उघड्यावर लघवी करण्याविरुद्ध मोहिमा काढाव्या लागल्या. भुयारी रेल्वेत कसं वागावं हे सांगणारी पोस्टरं १९७० च्या दशकापासून लागतायत, ती आजही लागतात. सरकत्या जिन्यावर टोकिओत लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे, म्हणजे घाईच्या माणसाला दुसरी बाजू मोकळी. हा शिष्टाचार सगळ्या पर्यटकांना आवडतो. पण जिन्यावर चालताना माणसं पडतात म्हणून सैतामा प्रांताने २०२१ मध्ये नियम केला की सगळ्यांनी थांबूनच जायचं. लोक अजूनही चालतात आणि प्रशासन अजूनही सांगतं. शिस्त अशी पुन्हा पुन्हा सांगून, सोय करून देऊन येते.

आमच्या इमारतीतली नववीतली एक मुलगी तिकडून आली. म्हणाली, "काका, केळ्याची साल दिवसभर पिशवीत घेऊन फिरले. कचऱ्याचा डबाच कुठे दिसेना."

"मग?"

"मग काय, हॉटेलवर नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी निघतानाच एकेक रिकामी पिशवी घेतली."

२० मार्च १९९५ ला टोकिओच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला. त्यानंतर स्टेशनांवरचे आणि रस्त्यांवरचे कितीतरी डबे काढून टाकण्यात आले. आपला कचरा आपल्या घरी न्यायचा, हे तिथे अंगवळणी पडलंय. या मुलीच्या ते एका दिवसात अंगवळणी पडलं. ना कोणी भाषण दिलं, ना डोळे वटारले. असं असताना आपल्या मुलांना 'बेशिस्त पिढी' म्हणायची आपली हिंमत कशी होते?

मुंबईत बघा. दादरला लोकल काही सेकंद थांबते. चढला नाहीत तर राहिलात, त्यामुळे माणूस लोटतो. तोच माणूस मेट्रोच्या फलाटावर, जमिनीवर आखलेल्या बाणांमागे गुपचूप उभा राहतो. माणूस तोच, रक्तही तेच. बदलली ती व्यवस्था.

आता झाडूबद्दल. जपानच्या शाळांत मुलं रोज स्वतःचे वर्ग, जिने, बऱ्याच ठिकाणी संडासही साफ करतात. प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण पांढरे एप्रन, टोप्या घालून मुलंच वाढतात, आणि शिक्षक वर्गात बसून तेच जेवतात. सहलीहून आलेले आपले शिक्षक हे स्टाफरूममध्ये भारावून सांगतात. पण इथे मुलांच्या हातात झाडू दिला की पालक भांडायला येतात. त्यांच्यातल्या काहींच्या भांडणाला मोठा आधार आहे : आपल्याकडे कित्येक शाळांत झाडू दिला गेला तो वेचून, दलित मुलांच्याच हातात. म्हणून नुसतं 'जपानसारखं करा' म्हणणं पोकळ आहे. पाळी सगळ्यांची असेल, त्यात संस्थाचालकाचा नातू असेल आणि गणिताचे सरही असतील, तरच त्याला काही अर्थ. आणि हे आपल्याला टोकिओने शिकवायला नको. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन या कोकणातल्या ब्राह्मणाने सफाईचं काम मला द्या म्हणून उपोषण केलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्याला साथ दिली. हे आपल्या मुलांना माहीत नाही, कारण आपण सांगितलेलं नाही.

प्रेक्षणीय स्थळांचंही तसंच. हिरोशिमाच्या संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे. आतल्या अन्नाचा कोळसा झालाय. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला, तेव्हा हजारो शाळकरी मुलं शहरात घरं पाडण्याच्या कामाला जुंपलेली होती. हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे केले जात होते. डब्याचा मालक त्यातलाच एक, आपल्या आठवीतल्या पोराच्या वयाचा. बाहेर बागेत सादाको सासाकीची आठवण सांगणारं मुलांचं स्मारक. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी हाक दिली, देशभरच्या शाळांतून पैसे जमले आणि १९५८ मध्ये स्मारक उभं राहिलं. सादाको आजारपणात कागदी बगळे करायची, म्हणून जपानी शाळांच्या सहली तिथे तशाच बगळ्यांच्या माळा घेऊन येतात. आपल्या मुलांना सांगितलेलं असतं : वीस मिनिटं, फोटो काढा, बस सुटेल. मग त्यांनी दोन बोटं वर करून फोटो काढले तर दोष कोणाचा? ज्या मुलाला तो डबा कोणाचा हे ठाऊक आहे, त्याला गप्प राहायला सांगावं लागत नाही.

निघण्याआधी महिनाभर वर्गात कागदी बगळे करायला घ्या. सहलीचे पैसे लाखांच्या घरात असतात, त्यामुळे वर्गातली बरीच मुलं मागे राहतात. त्यांनीही घड्या घालाव्यात. जाणाऱ्यांनी ती माळ नेऊन सगळ्या वर्गाच्या नावाने तिथे टांगावी.

टोकिओ डिस्नेलँडला अख्खा दिवस मिळतो. मिळू दे, मुलांनी मजा करावीच. पण टोकिओतल्या उएनोच्या प्राणिसंग्रहालयालाही दोन तास द्या. बॉम्बहल्ल्यात पिंजरे फुटून प्राणी सुटतील या भीतीने १९४३ मध्ये तिथल्या हत्तींना उपाशी ठेवून मारलं. युद्ध संपल्यावर टोकिओच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला एक हत्ती पाठवा. १९४९ मध्ये भारतातून हत्तीण गेली, तिचं नाव इंदिरा. मुलांनी पत्र लिहून परक्या देशाकडे काही मागावं आणि त्या देशाने ते द्यावं, ही गोष्ट चौदाव्या वर्षी कळायला हवी.

आणि ओकायामा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते बेतलं गेलं ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून, जी १७०० मध्ये पुरी झाली. हिरोशिमाहून ओसाकाला निघालेली शिंकानसेन ओकायामाला थांबते. पुण्याची मुलं खिडकीतून फलाट बघतात आणि पुढे जातात, कारण पत्रकात ते नाव नसतं. तिथे उतरा. बाग बघा, आणि तिथल्या एखाद्या शाळेत एक दिवस घालवा. त्यांच्या मुलांबरोबर जेवा, जेवण वाढा, फरशी पुसा. चिठ्ठ्या लिहायला पत्ते घ्या.

पुढच्या पालकसभेत हॉटेलचा प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारू दे. तुम्ही विचारा, आमची मुलं तिथल्या शाळेत जाणार का? 'वेळ नाही' असं उत्तर आलं, तर पैसे भरण्याआधी पत्रक बदलून मागा.